फरकाचा तक्ता

१

वीज पडून नऊ दिवस झाले तरी बोटीवरचं काय काय मेलं याची यादी वाढतच होती. जागा दाखवणारं यंत्र पहिल्याच दिवशी गेलं होतं. मग पाण्याची खोली सांगणारं गेलेलं कळलं, मग रेडिओ, मग आपोआप सुकाणू धरणारी मोटर, मग दिवे. शिडवाली रोज सकाळी बोटीवर जायची, एकेक बटण दाबून पाहायची आणि वहीत त्या नावापुढे फुली मारायची. शेवटी तिच्या धाकट्या भावाने वहीच काढून घेतली.

"ताई, जिवंत काय आहे ते लिही. कागद तरी वाचेल."

गोदीत तिला सगळे शिडवालीच म्हणत. अठ्ठावीस वर्षं ती लोकांची शिडं शिवत होती. तिच्या नवऱ्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तान तो कधीच नव्हता. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणारी टगबोट चालवायचा, पण असा ऐटीत की नाव चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर दोघांनी ही जुनी लाकडी शिडाची बोट घेतली होती.

वीज पडली त्या दुपारी तो एकटाच बोटीवर होता. आभाळ भरून आलं म्हणून झरोके लावायला गेला होता. डोलकाठीवर वीज उतरलेली साऱ्या गोदीने पाहिली. धाकटा छोटी होडी वल्हवत पोचला, तेव्हा कप्तान सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवून बसला होता. अंगावर ओरखडासुद्धा नाही. त्याने फक्त विचारलं, "तू एकटाच आलास?"

डॉक्टरांनी छाती तपासली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, माणूस ठणठणीत आहे. देव तारी त्याला कोण मारी, असं गोदीतला जो तो म्हणाला. शिडवालीनेही म्हणून पाहिलं. तोंडातून निघालं, पण मनात बसलं नाही.

शुक्रवारी निघायचं ठरलंच होतं. आखाताच्या पलीकडच्या बंदरात त्यांची लेक राहायची, तिला नववा महिना लागला होता. बाळंतपण होईपर्यंत आणि पुढेही दोन महिने तिच्या धक्क्याला बोट बांधून तिथेच राहायचं, असा बेत होता. इथली भाड्याची खोली सोडायची म्हणून कळवून झालं होतं. शुक्रवारनंतर वारे फिरतात, मग लहान बोटीला आखात ओलांडता येत नाही. रस्त्याने गेलं तर माणसं पोचतील, बोट राहील, आणि बोट हेच आता घर होतं.

वाटेत दोन खडक होते. त्यांच्यामधून जायचं. यंत्र असेल तर ते पोरखेळ. यंत्र नसेल तर होकायंत्रात पाच अंशांची चूकही पुरे.

२

"यंत्रं नव्हती तेव्हा माणसं जात नव्हती का?" धाकटा म्हणाला.

"जात होती. सगळी पोचत नव्हती," शिडवाली म्हणाली आणि कामाला लागली.

काम तिला माहीत होतं. कप्तानानेच शिकवलेलं. आधी बोट शाबूत आहे का ते पाहायचं, कारण वीज आत येते तशी कुठूनतरी बाहेरही जाते, आणि जाताना तळाला भोक पाडून जाते. तिने आणि धाकट्याने आतल्या फळ्या उचलल्या, तळाची लाकडं नखाने खरवडून पाहिली. डोलकाठीच्या बुंध्याशी तळहाताएवढा काळा डाग होता. बाकी लाकूड कोरडं. धाकटा दोराच्या झोळीत बसून डोलकाठीवर चढला. टोकाची सळई मेणबत्तीसारखी वितळली होती, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा मात्र पक्क्या होत्या.

मग कागदी नकाशे आले. चावीचं घड्याळ आलं. रॉकेलचे कंदील आले. खोली मोजायला तिने लांब दोरीला शिशाचा गोळा बांधला आणि दर काही वावांवर खूण शिवली. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. दोन वावांवर चामडं, पाचांवर पांढरं कापड, सातांवर लाल. हातांचं माप कप्तानानेच दिलं. तो हात पसरून उभा राहिला, ती मोजत गेली. एरवी म्हणाला असता, "सरकार, लग्नात माप घेतलं नाहीत, आता घेताय."

तो तिला सरकार म्हणायचा. बोट सुटायच्या आधी सुकाणूच्या लाकडी दांड्यावर नखाने तीनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "चला सरकार, दोर सोडा." बोट घेतल्यापासून एकदाही चुकला नव्हता. वीज पडल्यापासून त्याने तिला सरकार म्हटलं नव्हतं. अगं म्हणायचा.

"भावोजी, हे काय चाललंय?" धाकटा एकदम हसला.

कप्तान बोटीच्या नाकाशी, पुढच्या टोकाला बसून दोर गुंडाळत होता. उलट्या बाजूने. दोर नेहमी उजवीकडे फिरवत गुंडाळायचा, नाहीतर पीळ बसतो आणि ऐन वेळी गाठ पडते. याच चुकीसाठी त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी शिडवालीला रडवलं होतं.

कप्तानाने हातातल्या वेटोळ्याकडे पाहिलं. "दोन्ही बाजूंनी गुंडाळता येतो की," तो म्हणाला.

ती रात्रीच्या जेवणाची भांडी आवरतानाही त्या वाक्याचा विचार करत राहिली. बरोबर होतं. दोन्ही बाजूंनी गुंडाळता येतोच.

३

सगळ्यात शेवटचं काम होकायंत्राचं. विजेने बोटीतलं लोखंड भारलं गेलं तर होकायंत्र खोटं बोलायला लागतं. ते खोटं बोललं तरी चालतं, पण किती आणि कुठल्या दिशेला, हे आपल्याला माहीत हवं. म्हणून बोटीचं नाक एकेक करून आठही दिशांना फिरवायचं आणि प्रत्येक दिशेला होकायंत्र किती चुकतं ते लिहायचं. त्याला कप्तान फरकाचा तक्ता म्हणायचा. त्याचा एक नियम होता. समुद्रात जसं बसणार, तसंच सगळं आणि सगळे बसलेले असले पाहिजेत. म्हणून तक्त्याच्या खाली एक ओळ असायची, "सुकाणूवर", आणि पुढे माणसाचं नाव.

बुधवारी सकाळी त्यांनी ते केलं. बोट धक्क्यापासून शंभर हातांवर तळाला नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला बांधलेली होती. धाकटा होडीतून बोटीचं मागचं टोक ढकलून तिला फिरवायचा. कप्तान सुकाणूशी बसला, मागच्या कठड्याला पाठ लावून. त्याच्या पुढ्यात लाकडी खोक्यावर होकायंत्र. शिडवाली त्यावरून लांबच्या टेकडीवरचं धुराडं बघायची. धुराडं नेमकं कुठल्या अंशावर दिसायला हवं ते नकाशावर मोजलेलं होतं. ते आणि होकायंत्र दाखवतं ते, यातला फरक ती लिहून घ्यायची.

नाक उत्तरेला, फरक नाही. दक्षिणेला, फरक नाही. पूर्वेला वळवलं तर उत्तरेचा बाण अकरा अंश पश्चिमेला कलला. पश्चिमेला वळवलं तर अकरा अंश पूर्वेला. मधल्या दिशांना आठ-आठ. म्हणजे दर वेळी बाण मागच्या टोकाकडे ओढला जात होता, सुकाणूकडे.

"अकरा फार आहे," धाकटा म्हणाला.

"फार असू दे. सरळ आहे," ती म्हणाली. "मागे कुठला तरी खिळा भारला गेला असेल. तक्ता आहे ना, तेवढं धरून चालायचं."

तिने तक्ता स्वच्छ अक्षरात लिहून काढला. खाली लिहिलं, सुकाणूवर: कप्तान. त्या दिवशी पहिल्यांदा तिला दोन घास नीट गेले.

४

खोली शिडं शिवायच्या कारखान्याच्या वर होती. सतरा लाकडी पायऱ्या. तेराव्या पायरीला जरा जास्त करकर. इतक्या वर्षांत कोण येतंय हे तिला पायऱ्यांवरून कळायचं. धाकटा दोन-दोन गाळत यायचा, घरमालकीण मध्ये थांबून श्वास घ्यायची.

गुरुवारी दुपारी ती रिकाम्या कपाटाला पाठमोरी बसून कपडे खोक्यांत भरत होती. कप्तान चढून आला. दार उघडलं, तो आत आला, दार लावलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर तेरावी पायरी करकरली.

ती थांबली. कोणी येईल म्हणून वाट पाहिली. कोणी आलं नाही.

लाकूड आहे, दबलं की परत उठताना वाजतं. तिने स्वतःला असं सांगितलं आणि घडी घातलेली चादर पुन्हा उघडून पुन्हा घडी घातली.

"बसा ना," ती म्हणाली.

तो भिंतीच्या कडेकडेने खुर्चीपर्यंत गेला. खुर्ची मागे सरकवली, ती भिंतीला टेकेपर्यंत, आणि मग बसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दहा दिवस हे असंच चाललं होतं. जेवताना भिंतीला पाठ. झोपताना पाठीवर, सरळ. बोटीवर कठड्याला पाठ. मागे मोकळी जागा म्हणून तो राहूच देत नव्हता.

"पाठ दुखतेय का?"

"नाही."

"मग असं चिकटून काय बसता?"

त्याने दाराकडे पाहिलं. "उद्या निघू या," तो म्हणाला. "इथून निघालं की बरं वाटेल."

"उद्याच निघायचंय. शुक्रवार उद्याच आहे."

"हो का," तो म्हणाला, पाहुण्यासारखा.

५

गुरुवारी संध्याकाळच्या आत तिला तक्ता एकदा तपासून घ्यायचा होता. कप्तानाचाच नियम, दोनदा मोजा आणि एकदाच बुडा. त्याची ती जुनी थट्टा होती.

या वेळी धाकट्याने बोट पूर्वेला वळवली तेव्हा कप्तान नाकाशी नांगराची साखळी लावत होता. तिने त्याला हाक मारली नाही, एवढंच तपासायला कशाला, असं वाटलं. होकायंत्रात पाहिलं. बाण नऊ अंश पूर्वेला कलला होता. काल पश्चिमेला अकरा, आज पूर्वेला नऊ.

तिने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. भारलेला खिळा जागा सोडून चालत नाही.

"अहो, जरा इकडे या हो," ती म्हणाली.

कप्तान उठला, डाव्या कठड्यावरून चालत आला, सुकाणूशी बसला. बाण नवावरच होता. तिने मनात पाच मोजले. मग बाण निघाला. हळूहळू सरळ झाला, मग पश्चिमेकडे कलत गेला आणि अकरावर जाऊन थांबला.

"तुमच्या खिशात काय आहे?"

त्याने हात वर केले, शिंप्यासमोर करतात तसे. तिने किल्ल्या काढल्या, सुरी काढली, चष्म्याची डबी काढली, पट्टा काढला. सगळं धाकट्याच्या होडीत टाकून त्याला वीस हात लांब पाठवलं. बाण अकरावर.

"ताई," धाकटा लांबून ओरडून म्हणाला, "भावोजींच्या पायात हाडाला लावलेली लोखंडी पट्टी आहे ना? गोदीत पडले होते तेव्हा घातलेली. तीच भारली गेली असणार."

तिचा जीव भांड्यात पडला. पट्टी. अर्थात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसू येऊन तिने मान वळवली आणि आतल्या खोलीच्या दारातून तिला ती पट्टी दिसली. पाच भोकांची, चकचकीत. हाड जुळल्यावर डॉक्टरांनी ती काढून हातात दिली होती आणि कप्तानाने हौसेने आतल्या भिंतीवर ठोकली होती. गेली सहा वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत होता.

तिने शिवणाच्या पेटीतून शिडाची जाड सुई काढली. आधी पेटीतल्याच, सांडलेल्या सुया उचलायच्या लोहचुंबकावर घासून ती भारून घेतली, मग दोऱ्याला आडवी बांधून लोंबकळत सोडली. सुई गोल फिरली आणि होकायंत्राएवढीच कलून स्थिरावली. ती सुई तिने कप्तानाच्या छातीजवळ नेली, पायाजवळ नेली, डोक्याभोवती फिरवली. सुई होती तिथून हलली नाही. आज्ञाधारक पोरासारखी ती एकाच दिशेला बघत राहिली.

म्हणजे कप्तानात काहीच नव्हतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिने सुई पेटीत ठेवून झाकण लावलं.

६

ती स्वतःशी भांडत राहिली. तिचं शिक्षण दहावीपर्यंतचं. शास्त्रातलं आपल्याला काय कळतं, विजेने काय काय होत असेल. पण शिवणकामात तिचं डोकं बरं चालायचं, आणि शिवणात एक गोष्ट असते. कापड ओढलं की दोरा मागून येतो. सावली तशी नसते. सावली माणसाबरोबर वळते, त्याच क्षणी. हा बाण कप्तानाबरोबर वळत नव्हता. तो थांबून, मागून यायचा. जसं कोणी पाठोपाठ चालत यावं आणि अंतर राखून यावं.

तिला तेरावी पायरी आठवली. भिंतीला टेकलेली खुर्ची आठवली. धाकट्याला त्याने विचारलेलं आठवलं, तू एकटाच आलास?

शुक्रवारी सकाळी सामान चढवताना ती धाकट्याला म्हणाली, "आज एक तक्ता त्यांच्याशिवाय करायचाय."

धाकटाही बरोबर येणार होता, पलीकडे पोचवून बसने परतणार होता. त्याने घड्याळ पाहिलं. "भरती उतरायला तासच आहे, ताई. अर्ध्या तासात होईल?"

"होईल. मग त्यांना आणायचं आणि निघायचं."

"काय शोधतेयस तू?"

"खरं होकायंत्र," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

कप्तान विरोध न करता होडीत उतरला. धाकट्याने त्याला धक्क्याच्या पायऱ्यांशी सोडलं. तो वर चढला, गोदामाच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिला पाठ लावून बसला. ऊन लख्ख होतं. शंभर हातांवरून तिला त्याच्या शर्टाची गुंडीसुद्धा दिसत होती. ती तिनेच लावलेली, जरा वेगळ्या रंगाची.

७

वारा पाहून तिने आग्नेयेपासून सुरुवात केली. अर्धा अंश. दक्षिण, काही नाही. नैऋत्य, एक अंश. पश्चिमेला परवा अकरा होते, आज एक. वायव्य, उत्तर, ईशान्य, एखादा अंश इकडे तिकडे. होकायंत्र निर्मळ होतं. विजेने त्याला बोटही लावलं नव्हतं.

फक्त पूर्व राहिली. धाकट्याने मागचं टोक ढकललं, नाक पूर्वेला आलं. बाण जवळजवळ बरोबर होता. ती लिहिणार, तेवढ्यात पिंपाला बांधलेला दोर पाण्यातून वर आला.

तो सैल लोंबत होता, तो ताठ झाला. त्यातून पाणी निथळलं. दोर ताणेल असा वारा नव्हता, ओढ नव्हती. पाण्यातून कोणी दोर धरून वर चढावं तसं बोटीचं नाक चार बोटं खाली गेलं आणि पुन्हा वर आलं.

तिने होकायंत्रात पाहिलं. पाहायचं नव्हतं. बाण पूर्वेकडे कलत होता, म्हणजे नाकाकडे.

मग तो हळूहळू परत फिरला. बोट जराशी डाव्या अंगाला झुकली. बाण सरळ होत होता, म्हणजे ते डाव्या कठड्यावरून येत होतं. डोलकाठीच्या तारांशी बाण जरा अडला. तिथे तार धरून पाय उचलून टाकावा लागतो. कप्तान नेहमी तिथे थांबून आधी उजवा पाय टाकायचा. बाण पुढे निघाला. आता ते तिच्या बरोबरीला होतं. हात लांबवला असता तर लागला असता. तिने हात अंगाशी घट्ट धरले.

बाण पश्चिमेला कलला. तिच्या मागे, सुकाणूच्या जागेवर, बोट एखाद्या वजनाने बसली. फळी वाजली. अकरा अंश. पुढे नाही, मागे नाही.

तिने मान वळवली. जागा रिकामी होती. उशीला मधोमध खळगा पडला होता, पण ती उशी जुनीच होती, खळगा असायचाच. असायचा का?

तिने धक्क्याकडे पाहिलं. कप्तान भिंतीपासून उठून पुढे आला होता. पायऱ्यांच्या वरच्या काठावर बसला होता, पाय पसरून, दोन्ही हात मागे टेकून. पाठीमागे सगळी गोदी मोकळी. अकरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या पाठीमागे काहीच नव्हतं आणि तो निवांत दिसत होता.

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या शेजारी बघत होता.

"अगं," त्याने हाक मारली. शांतपणे, पाण्यावरून आवाज येतो तशी. "त्याला तिथेच राहू दे. तू ये."

८

"भावोजी कुणाला म्हणतायत?" होडीतून धाकट्याने विचारलं.

तिने वही मांडीवर ठेवली. जो बोलावत होता त्याला तिच्या नवऱ्याचा चेहरा होता, त्याचा आवाज होता, तिने लावलेली गुंडी होती. शेजारी जे होतं त्याला चेहराच नव्हता. शहाणी बाई कुणाकडे जाईल हे सांगायला नको होतं. समोर दोन खडक होते, पलीकडे लेक होती, तिच्या पोटात लेकरू होतं. आणि जे होतं ते काय होतं हे विचारायला कप्तानाशिवाय तिला कोणीच नव्हतं.

मग मागे लाकडावर आवाज झाला. नखाचा. टक, टक, टक.

पुढे काही नाही. ती थांबली, श्वास धरून, पुढचे शब्द येतील म्हणून. ते आले नाहीत. बोलायला तोंड लागतं.

तिने वहीची मागची पानं उलटली. बुधवारचा तक्ता काढला. पूर्वेला अकरा. पश्चिमेला अकरा. मधल्या दिशांना आठ. आताही नाक पूर्वेला होतं आणि समोर होकायंत्रात तेच अकरा होते, केसाचाही फरक नाही. म्हणजे तक्ता बरोबरच होता. नियमाप्रमाणे सगळं आणि सगळे जिथल्या तिथे बसलेले असताना केलेला. खालच्या ओळीतलं नावही तिने बरोबरच लिहिलं होतं. ते दोघांपैकी कुणाचं, हे तेव्हा तिला माहीत नव्हतं एवढंच.

"ताई, घेऊन येऊ का त्यांना? पाणी उतरायला लागलंय."

"नको," ती म्हणाली. "दोर सोड. होडी मागे बांध आणि वर ये."

"चक्कर मारून बघायचीय का आधी?"

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. धाकटा तिचं लहानपणापासून ऐकत आलेला. त्याने होडी बांधली, वर चढला, पिंपाचा दोर सोडला आणि उजवीकडे फिरवत नीट गुंडाळला. मग धक्क्याकडे बघून हात केला.

"भावोजी, एक चक्कर मारून आलोच."

धक्क्यावरचा माणूस उभा राहिला. पायऱ्या उतरायला लागला. एक, दोन, तीन. पाणी कुठून सुरू होतं इकडे त्याचं लक्ष नव्हतं. चौथी पायरी पाण्याखाली होती, पाचवीही. त्याची चाल बदलली नाही.

"अहो, ओले व्हाल," धाकटा हसत म्हणाला, आणि मग हसायचा थांबला. "ताई?"

"शीड वर घे," ती म्हणाली. "तिकडे बघू नकोस. शीड घे."

शीड फडफडलं आणि भरलं. तिने शिवलेलं, प्रत्येक टाका ओळखीचा. बोट चालायला लागली. आता पूर्वेला वळायचं होतं, अकरा अंश धरून, सहा तास, खडकांपर्यंत. तक्ता खोटा असेल तर तिथे कळेल.

तिने डोळे पुसले आणि सुकाणूकडे हात नेला. ते आधीच वळायला लागलं होतं.